उलटा हात

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, वीजकामात मुरलेले. आपल्या देशात त्यांनी इमारतीच्या इमारती उजळल्या आणि तोंडही तितकंच चालवलं. "वायरिंग म्हणजे माझ्या हातचा मळ," हे वाक्य मी त्यांच्या लग्नात ऐकलं, बारशात ऐकलं आणि इथे येताना विमानतळावरच्या रांगेतही ऐकलं. नम्रपणा त्यांना कधी मानवलाच नाही.

इथे त्या हातांना कुणी विचारेना. परवाना नसेल तर साधा प्लगसुद्धा बदलायचा नाही. प्रमाणपत्र दाखवलं, तर ती संस्था इथल्या यादीत नव्हती. अनुभवाचा दाखला मागितला, तर ज्या ठेकेदाराकडे उमेदवारी केली तो केव्हाच वारला होता.

"मग आता वर जाऊन त्याची सही आणू का?" भावोजी परवाना कचेरीच्या खिडकीतल्या बाईंवर डाफरले. बाईंनी शांतपणे तेच वाक्य पुन्हा म्हटलं. अशा शांतपणाची मला भारी चीड येते.

पोट थांबत नाही, म्हणून ते मदतनीस झाले. भिंतीला भोकं पाडायची, केबल ओढायची, कचरा भरायचा. जोडणी करणारा दुसराच, आणि तो यांना म्हणायचा, "ए, पक्कड दे." भावोजी पक्कड द्यायचे आणि घरी येऊन ताईवर खेकसायचे.

शेवटी कचेरीने एक वाट मोकळी केली. प्रात्यक्षिक परीक्षा द्या. पास झालात तर परवाना, नाही तर पहिल्या वर्षापासून शिकाऊ म्हणून सुरुवात. भावोजींनी नवे नियम घोकायला घेतले. मेन बंद करा, त्याला कुलूप लावा. मीटर आधी दुसऱ्या एखाद्या चालू तारेवर तपासा, मग आपल्या तारेवर लावा, मग पुन्हा चालू तारेवर, म्हणजे मीटरच बिघडलेला नाही याची खात्री. मी भाजी चिरता चिरता प्रश्न विचारायचे. एकदाही चुकले नाहीत.

परीक्षेहून आले ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. बूटही काढले नाहीत.

"सगळं बरोबर केलं. कुलूप, मीटर, सगळं. आणि तार जोडायच्या आधी हात गेला."

"गेला म्हणजे?"

त्यांनी उजवा हात पुढे केला, बोटं आत वळवली आणि हाताची मागची बाजू टेबलाला हळूच टेकवली. वस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलेली ती सवय. विजेच्या झटक्याने मूठ आवळते. सरळ हात लावला तर ती तारेवरच आवळते आणि माणूस चिकटतो; उलटा लावला तर हात मागे ओढला जातो. मीटर असो नसो, हात लावल्याशिवाय कामाला सुरुवात नाही.

परीक्षकाने तिथेच थांबवलं होतं. म्हणाला, "तार बंद आहे हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत. मग हाताला का विचारलंत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जीव वाचवायची सवय ती! तिच्यासाठी नापास?"

"तू नको बोलूस," भावोजी म्हणाले. "तो बरोबर बोलला. तेच तर झोंबतंय. एवढी वर्षं वाटायचं, माझा सगळा अनुभव या हातात आहे. याच हाताने घात केला."

ताईने चहा पुढे ठेवला. तो तसाच गार झाला.

ते शिकाऊ म्हणून लागले. काही दिवसांनी स्वयंपाकघरातला दिवा गेला, बल्ब बदलूनही लागेना. पूर्वी असलं काहीही ते गुपचूप करून टाकायचे, परवान्याला विचारतो कोण! ताई म्हणाली, "अहो, बघा ना जरा." त्यांनी मेन बंद केला, मीटर लावला, पुन्हा लावला, स्टुलावर चढले. हात वर गेला आणि हवेतच थांबला. मग ते खाली उतरले.

"घरमालकाला फोन कर."

ताईला वाटलं थट्टा करताहेत. ती हसली. त्यांचा चेहरा पाहिला आणि फोन शोधायला लागली.

घरमालकाचा माणूस आला. वर चढून काम करता करता, गप्प बसवेना म्हणून त्याने विचारलं, "तुम्ही काय करता?"

भावोजी खाली शिडी धरून उभे होते. आता तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून मी वाट पाहिली.

"शिकतोय," ते म्हणाले, आणि पक्कड वर दिली.