दाजींच्या गाडीचं अस्तर

आमच्या नवघरच्या गल्लीत गाडी रंगवणं ही खाजगी बाब नाही. दाजींनी अंगणात गाडी घासायला घेतली आणि समोरच्या बिल्डिंगांतून सल्ले सुरू झाले. त्यातला सगळ्यात शहाणा सल्ला अर्थातच माझा होता.

दाजी कोळी. उभा जन्म मासेमारीत गेला. गुडघे कुरकुरायला लागले, मुलं नोकरीला लागली, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी होडी विकली आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली. होडीचं नाव ‘चंपा’, बायकोचंच. चंपाबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, “या पांढऱ्या डब्यात मी बसायची न्हाय.”

निकाल वर्षभर टिकला. बाजार, दवाखाना, माहेर, सगळीकडे बाई रिक्षाने आणि दाजी मागून रिकामी गाडी घेऊन. बघवत नसे आणि हसूही आवरत नसे.

आता चैत्रात एकवीरा आईच्या जत्रेला जायचं होतं. गल्लीतल्या बायकांच्या बसमध्ये चंपाबाईंनी जागासुद्धा धरली होती. दाजींना मात्र त्यांना आपल्या शेजारी बसवून न्यायचं होतं. गाडीला होडीचा पिवळा रंग दिला तर बाई विरघळेल, असा त्यांचा हिशेब.

होडीला लागायचा तोच पिवळा त्यांनी आणला. मग प्रश्न आला अस्तराचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पहिल्या हाताचा. रंगाच्या दुकानातले शेठ जातीने बघायला आले. “दाजी, पीले के नीचे सफेद ही लगता है. एकदम चमकेगा.”

“काही नको, दाजी. ग्रे लावा,” मी म्हटलं. “मी व्हिडिओ बघितलाय.” आयुष्यात मी फक्त एक स्टूल रंगवलंय, पण ते तिथे सांगायचं काही कारण नव्हतं.

दाजींना कुणालाच दुखवायचं नव्हतं. त्यांनी बॉनेटवर एक पट्टा पांढऱ्या अस्तराचा ओढला, एक करड्याचा. तिसरा ओढला लाल अस्तराचा, होडीच्या सामानात तळाशी थोडं उरलं होतं म्हणून. तिन्ही वाळल्यावर वरून पिवळा मारला, तोही ब्रशने.

पांढऱ्यावरचा पिवळा लिंबासारखा उजळला. करड्यावरचा आजारी, हिरवट दिसायला लागला. वाळला की सुधारेल, मी म्हटलं. लालवरचा मात्र हळदीत तिखट सांडावं तसा तांबूस, मळका झाला.

“ये तो खराब हो गया,” शेठ म्हणाले. आमचं दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

तेवढ्यात चंपाबाई बोंबलांची पाटी घेऊन अंगणात आल्या. थबकल्या. पाटी खाली ठेवून त्यांनी तिसऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

“ही आपली.”

होडीचा पिवळा असाच होता, खालच्या लालमुळे दबलेला. इतकी वर्षं किनाऱ्यावर उभं राहून बाई तो लांबून ओळखायच्या, मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मला एकदम भरून आलं. शेठसमोर लाजही वाटली, पण बघितलं तर तेही चष्मा पुसत होते.

शेठनी दुकानातून लाल अस्तराचा नवा डबा आणून दिला. अख्ख्या गाडीला ते लागलं, वर पिवळा. जत्रेच्या दिवशी चंपाबाई लुगडं नेसून बाहेर आल्या, गाडीपुढे नारळ फोडला, कुंकू लावलं. दाजींनी ऐटीत दार उघडलं. बाई बसेनात.

“आता काय झालं?” दाजी रडकुंडीला आले.

“नाव कुठं हाय? बिननावाच्या होडीत मी कदी बसलेय का?”

कोपऱ्यावर बस हॉर्न मारायला लागली. दाजी गुडघे विसरून ब्रश आणायला धावले. उरलेल्या लाल अस्तरानेच त्यांनी बॉनेटवर ‘चंपा’ लिहिलं. घाईत ‘च’ वाकडा आला. बसने शेवटचा हॉर्न दिला आणि निघून गेली.

बाईंनी तिकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. ओल्या नावाला पदर लागू नये म्हणून तो आवरून धरला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.