शालूला हुंकार लागायचा

या, आत या. उंबऱ्यातूनच "ऐकलं, फार वाईट झालं" म्हणून परत चप्पल घालायची, ही काय पद्धत झाली? शालूच्या तेरवीला निम्मे लोक असेच आले आणि जाताना म्हणून गेले, बिचारी, एवढी शिकली अन् कोहमाऱ्यासारख्या खेड्यातच राहिली. तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले. आज दीड महिना झाला. आता नाही बसत.

शालू माझ्या भावाची मुलगी. गोंदियाच्या दवाखान्यातून भावाचा फोन आला, "बाई, शालू गेली," आणि मी हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं... एकेचाळीस वय, चार दिवसांचा ताप. त्यावर मी जास्त बोलणार नाही. ती कशी गेली यापेक्षा कशी राहिली, ते सांगायचं आहे.

दवाखान्यांत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं तिचं काम. कंपनीचं ऑफिस पुण्याला, पण टीम चार देशांत विखुरलेली, आणि मुख्य बाई हेल्गा, ती जर्मनीत. दोन वर्षं पुण्यात काढून शालू परत आली, माझ्या घराच्या हायवेकडच्या खोलीत टेबल मांडलं आणि तिथून काम करू लागली. विधवा आत्यासाठी आली, असं लोक म्हणतात. खोटं आहे. तिला इथं राहायचं होतं म्हणून ती राहिली, आणि त्यासाठी तिला भांडावं लागलं.

रोज दुपारी चारला त्यांची मीटिंग असायची, सगळे आपापल्या देशात हेडफोन लावून. लिहिण्यात शालू पक्की, पण मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलली की थांबायची. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तेवढ्यात दुसरंच कोणी बोलून टाकायचं आणि हिनं शोधलेली चूक तशीच राहायची. एक दिवस पुण्याच्या साहेबांचा फोन आला. तुमचं कम्युनिकेशन कमी पडतं, तीन महिने देतो, नाही सुधारलं तर पुण्याला येऊन बसा, नाहीतर दुसरं काम बघा.

तिनं इंग्रजी बोलण्याच्या सीडी मागून आणल्या आणि आरशासमोर उभी राहून घोकायला लागली. मी म्हटलं, "तोंड काऊन वाकडं करून राहिली?"

"साहेबांले माझं बोलणं गावंढळ वाटते, आत्या."

"वाटू दे. तुले मालूम आहे न, काय सांगाचं ते?"

"मालूम आहे. पण बोलता बोलता अडकते."

"मग मले सांग. जे तिकडं सांगाचं आहे, तेच सांग."

मी लाखोळीची डाळ निवडत होते, ती समोर खाटेवर बसली. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचणं-लिहिणं माझं मीच शिकले, इंग्रजीचं मात्र नाव नाही. पण कोणी सांगायला बसलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, ही आमच्याकडची रीत. गोष्ट असो, भांडण असो, हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो आणि विचारतो, झोपली काय? मी सवयीनं "हं, मग, हं" करत गेले. शालू अर्धा तास बोलली. एकदाही अडकली नाही.

"आत्या, काय समजलं तुले?"

"लाखोळीत खडे लई आहेत, एवढं समजलं."

शालू हसली, आणि मग डाळीतले खडे वेचू लागली. म्हणाली, "तिकडं कोणी हं म्हणत नाही. मी बोलली का सारे चूप. विहिरीत बोलल्यासारखं वाटते."

दुसऱ्या दिवशी मीटिंगला तिनं मला शेजारी बसवलं. इथं मी घोळ केला. हळू बोलणं मला जमत नाही, माझा "हं, मग" थेट जर्मनीला गेला. हेल्गाबाईनं विचारलं, तुझ्याजवळ कोण बसलं आहे? बाहेरच्या माणसाला बसवायचं नाही, असा त्यांचा नियम. शालूचा चेहरा पाहून मला वाटलं, पोरीची नोकरी मीच घालवली. पण ती ताठ बसली आणि बोलली. ती आणि हेल्गाबाई काय बोलल्या ते मला शालूनं नंतर सांगितलं. शालू म्हणाली, ही माझी आत्या, तिला इंग्रजी येत नाही, तिला मी आता उठवते. पण ती ऐकते आहे हे मला ऐकू येतं, तुमचं येत नाही. मी घाबरून थांबत नाही, तुमच्या आवाजाची वाट पाहते.

मग हेल्गाबाई म्हणाली, तुला अडथळा नको म्हणून तर आम्ही माइक बंद ठेवतो. कोणी बोलत असताना मध्ये आवाज करणं आमच्याकडे उद्धटपणाचं. तू थांबलीस की आम्हाला वाटायचं, तुझं संपलं.

त्या दिवसापासून त्यांच्या मीटिंगमध्ये पाळीपाळीनं एकानं माइक चालू ठेवून हुंकार द्यायचा, असं ठरलं. पुढं एकदा शालूच्या "हं"ला हेल्गाबाई होकार समजली आणि नको ते काम करून बसली. तेव्हापासून मीटिंग संपली की शालू लिहून पाठवायची, मी काय ऐकलं, आणि आता कोण काय करणार आहे. हेल्गाबाईच्या गप्प राहण्याला राग समजायचं नाही, हे शालूही शिकली. सीडी मात्र तिनं परत देऊन टाकल्या. उच्चार तोच ठेवला.

तीन महिने भरले तेव्हा साहेबांचा फोन आला. मॅडम, तुम्ही तिकडूनच काम करा.

"तिकडूनच करून राहिली, साहेब," शालू म्हणाली आणि फोन ठेवला. पुढची सहा वर्षं, ताप येईपर्यंत, ती त्याच टेबलावर होती. बिचारी म्हणणाऱ्यांपैकी एकानंही तिला कधी काम करताना पाहिलेलं नाही.

आता भाऊ म्हणतो, खोली रिकामी पडली आहे, हायवेवरचा ढाबेवाला टायर ठेवायला मागून राहिला. मी नाही म्हटलं. खोली रिकामी नाही. चिचगड गावच्या दोन मुलींना शालू हे काम शिकवत होती. त्या अजून दर शनिवारी बसनं येतात, ते टेबल पुसतात आणि आळीपाळीनं बोलायचा सराव करतात. हुंकार द्यायला मी बसते, पण माझा उजवा कान आता गेला, आणि एकमेकींचं ऐकून त्या कंटाळल्या आहेत. त्यांना नवं माणूस पाहिजे. तुम्ही येत्या शनिवारीच या, चारच्या आत या. लाखोळीचे वडे करते. इंग्रजी येत नसेल तरी चालते, समोर बसून ऐका.