म्हाळू आप्पांचा तांबड्या

खुटबावला अजूनही सांगतात की आमच्या म्हाळू आप्पांनी दौंड स्टेशनावर बाँब ठेवला होता. सांगणारे हात फाकवून बाँबचा आकारसुद्धा दाखवतात. कुणी म्हणतं पिशवीत होता, कुणी म्हणतं मुंडाशात. मग पोलिसांनी आप्पांना चौकीत नेऊन सोलून काढलं आणि वय बघून सोडलं, असा शेवट करून तंबाखू मळायला घेतात.

साफ खोटं. मी तिथं होतो. पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती, मुंडाशात आप्पांचं डोकं होतं, आणि पोलिसानं त्यांना मारलं नाही, उलट चहा पाजला. फुटणारी वस्तू मात्र खरंच होती. ती आप्पांच्या हातात, काडेपेटीएवढ्या पडद्यावर होती.

म्हाळू आप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. तरुणपणी मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत फिरलेला माणूस. पुढं मेंढरं गेली, खुटबावच्या वावरात ऊस आला, पण आप्पांचं लक्ष उसापेक्षा बांधावरच्या गवताकडंच जास्त. आणि त्यांचा राग! तो ठरलेल्या चढणीनं चढायचा, मला तोंडपाठ होता. आधी नाकातून 'हूं'. मग हळूच, 'बघ हां.' मग आवाज फाटायचा, 'बघ हां! आता माझं डोस्कं फुटंल! मंग मला म्हणू नगा!' एवढ्यात समोरचा माणूस बांध ओलांडून पसार झालेला असायचा. मग आप्पा इकडंतिकडं बघायचे आणि घराकडं तोंड करून म्हणायचे, 'च्या टाका गं.'

ही नक्कल मी लग्नात, बारशात, गणपतीत, मागेल तिथं करून दाखवायचो. शेवटच्या 'च्या टाका गं'ला हमखास टाळ्या.

मी नववीत असताना आप्पा उसाच्या ट्रॉलीवरून पडले, पाय मोडला आणि प्लॅस्टर घालून शिरूरला आमच्या घरी मुक्कामाला आले. दिवसभर खाटेवर. टीव्हीवरच्या सासवांना ते इतक्या जोरात शिव्या द्यायचे की शेजारच्या बायका आमच्या आईला विचारायच्या, 'अहो, तुम्हाला एवढं कोण बोलतंय?' शेवटी आई मला म्हणाली, 'सुरज, त्यांच्या हातात काहीतरी दे बाबा. न्हाईतर मी माहेरी जाते.'

मी व्हिडिओ गेम दिला.

गेम माझा नव्हता, रविराजचा होता. त्याच्या घरचं बाजारपेठेत कापडाचं दुकान, आणि दुबईच्या मामानं त्याला हातात धरून खेळायची असली दोन मशिनं आणून दिलेली, रंगीत. त्यातलं एक, आतल्या कॅसेटीसकट, मी गणिताच्या सरांची नक्कल करून काही दिवसांसाठी मिळवलं होतं. खेळ असा की एक पोरगं गावोगाव हिंडतं, गवतात शिरतं, तिथले विचित्र प्राणी चेंडू फेकून पकडतं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवतं. कुणी आग ओकतं, कुणी पाणी. बरोबर सहाच ठेवता येतात. सातवा पकडला की तो आपोआप कॉम्प्युटरच्या पेटीत जातो.

'म्हंजी कोंडवाड्यात?' आप्पांनी विचारलं.

'कोंडवाडा न्हाई आप्पा, पेटी. तिथं सुरक्षित असतो.'

'कोंडवाडाच की रं! जनावर चरायचं का पेटीत बसायचं? मला नगं सातवं.'

झालं. शेकडो प्राणी गोळा करायच्या खेळात आमच्या आप्पांनी सहाच्या वर गोळा करायचे नाहीत असं ठरवलं. बरं, लढाईलाही ते कुठं जायचे! हिरवं गवत दिसलं की पोराला मधोमध उभं करून स्वस्थ बसायचे.

'आप्पा, पुढं चला की.'

'थांब. चरू दे त्यास्नी.'

तेवढ्यात आप्पांचं बोट बटणाला लागायचं, पोरगं हलायचं, गवतातनं एखादा रानटी प्राणी उडी मारायचा आणि आप्पा ओरडायचे, 'आलं, वाघरू आलं!' जरा कुणाला खरचटलं की लगेच दवाखाना. खेळातल्या त्या दवाखान्यात त्यांच्या जेवढ्या खेपा, तेवढ्या माणसांच्या दवाखान्यातसुद्धा कुणी घालत नसेल. नावंही त्यांनीच पाडली. म्होरक्या, काळी, लंगडी, बारकं, शिंगी. पाच झाले. सहावी जागा रिकामी ठेवली. म्हणायचे, 'कळपात एक तापट पायजे. लांडगं लांब ऱ्हातं.'

तो तापट मिळाला दौंडला.

प्लॅस्टर निघालं तसं आप्पांनी वावराकडं एक चक्कर मारायचा हट्ट धरला. शिरूरहून एसटीनं दौंडला आलो, पुढं खुटबावला जायला गाडीची वाट बघत बसलो. आप्पा बाकावर, हातात खेळ. मी तिकिटं काढायला गेलो. जाताना एवढंच सांगितलं, 'वीजघरात शिरलाय तुम्ही. जमिनीवर चेंडू दिसतील, सगळेच उचलू नका. त्यातले काही चेंडू नसतात.'

खेळात तो एक प्राणीच आहे. गोल गरगरीत, वर तांबडा, खाली पांढरा, हात नाहीत, पाय नाहीत, नुसते दोन रागीट डोळे. पडलेला चेंडू समजून हात लावला की झटका देतो, आणि फार डिवचला तर स्वतःच धडाम् फुटतो. स्वतःही गार, समोरचाही गार. आम्ही पोरं त्याला सुतळी बाँबवरनं सुतळी म्हणायचो.

तिकिटं घेऊन आलो तर प्लॅटफॉर्म आप्पांच्या बाकापाशी मोकळा. एक बाई बोचकं टाकून पळालेली. चहावाला किटली घेऊन खांबामागं. आणि मधोमध आप्पा उभे, पडद्यावर डोळे लावून बोंबलतायत, 'मागं सर म्होरक्या! लांब व्हा सगळी! पेटलाय त्यो! आता फुटंल!'

हवालदार पुढं आला. आवाज मोठा, पण पाय मागंमागं. 'ओ बाबा! काय हाय तुमच्याकडं?'

आप्पांनी वर न बघता एक बोट उचललं. 'हालू नका सायेब. श्वाससुदिक जपून घ्या.'

हवालदार हलला नाही. त्यानं श्वाससुद्धा जपून घेतला.

आप्पांनी त्या सुतळीला एकदाही मारलं नव्हतं. मी असतो तर आधी बदडून अर्धमेला केला असता आणि तो फुटला असता. आप्पा नुसते चेंडू टाकत होते, तो बाहेर पडत होता, हे पुन्हा टाकत होते. तोंडानं च् च् च् करत, बिथरलेल्या मेंढ्याला करावं तसं. चेंडू हलला. पुन्हा हलला. थांबला.

'घावला!' आप्पा मटकन खाली बसले. 'घावला माझा तांबड्या!'

मी धापा टाकत हवालदाराला खेळ दाखवला. त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं, पडद्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, 'आरं पण ह्यो चेंडूच हाय. मंग चेंडूत चेंडू गेला कसा?'

'त्ये मलाबी कळलं न्हाई,' आप्पा म्हणाले. 'तुम्ही च्या घेनार का?'

पैसे हवालदारानं दिले. बाँबची बातमी आमच्या आधीच्या गाडीनं खुटबावला पोचली होती.

संध्याकाळी शिरूरला परत आलो तर दारात रविराज. 'सुरज, कॅसेट दे. माझ्या आत्तेभावाला द्यायचीय. तो नवीन खेळ सुरू करणार.'

त्या कॅसेटीत एकाचाच खेळ राहतो. नवीन सुरू करून साठवला की जुना कायमचा पुसला.

'म्हंजी माझी जनावरं?' आप्पांनी विचारलं.

'जातील आप्पा. खेळच आहे तो.'

आप्पांचं 'हूं'सुद्धा निघालं नाही. खाटेवर बसून म्होरक्यापासून एकेकाला नुसतं उघडून बघत राहिले. आईनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. चहावर साय धरू देणारे आप्पा मी पहिल्यांदा बघत होतो.

रविराजला पण ते बघवेना. चुळबुळ करून तो म्हणाला, 'असं करू. वायर जोडून लढू. तुम्ही जिंकलात तर कॅसेट तुमच्याकडं. मी जिंकलो तर घेऊन जातो.' हे बोलताना तो हसला, कारण शिरूरमध्ये त्याला कुणी हरवलं नव्हतं.

'रविवारी ये,' आप्पा म्हणाले.

मी आप्पांना समजावलं, 'त्याच्याकडं पाण्यातला अजगर हाय. शेवटाला तांबड्या फोडावाच लागंल.'

'त्याला फोडायचा न्हाई.'

'मंग तुम्ही जिंकत न्हाई.'

'लाव पैज!'

मी लगेच लावली. तांबड्या न फोडता जिंकले तर मी आप्पांचं तांबडं मुंडासं बांधून शाळेत जायचं. नाही जमलं तर आप्पांनी मिशी उतरवायची. त्या मिशीवाचून आप्पांची नक्कल कशी करायची याचा विचारसुद्धा मी करून ठेवला.

रविवारी खाटेवर एका टोकाला आप्पा, एका टोकाला रविराज, मधे वायर. म्होरक्या पडला, काळी पडली, लंगडीनं दोन लोळवले आणि पडली. बारकं आणि शिंगी एकेकाला घेऊन गेली. आप्पांकडं उरला एकटा तांबड्या. रविराजकडं एक दगडी अंगाचा उडता पक्षी आणि तो अजगर.

अजगर पुढं होता. तांबड्या आला तसा रविराज दचकला. 'हा फुटणार,' असं पुटपुटत त्यानं घाईनं अजगर मागं घेतला आणि पक्षी पुढं ढकलला. खेळात असं बदलण्यात आपली पाळी जाते. तेवढ्यात तांबड्यानं पक्ष्याला साधा विजेचा झटका दिला. फुटला नाही.

पक्ष्यानं चोच मारली. तांबड्याचा जीव काडीएवढा राहिला.

'फोडा आप्पा!' मी ओरडलो. मला मिशी दिसत होती. 'आता तरी फोडा!'

आप्पांचं नाक वाजलं. 'हूं.' मग हळूच, 'बघ हां.' आप्पांचा आवाज फाटला, 'बघ हां! आता फुटंल! मंग मला म्हणू नगा!'

रविराजनं पक्ष्याला बचावाला बसवलं. त्या पाळीला त्याला काही लागलं नाही, पण त्यानंही काही केलं नाही. पुढच्या पाळीला तांबड्यानं आणखी एक झटका दिला. पक्षी गेला.

उरला अजगर. त्याच्या जागी पाठवायला मागं कुणी नाही. आप्पा पुन्हा म्हणाले, 'बघ हां.' आणि रविराज, शिरूरचा अजिंक्य रविराज, त्यानं अजगरालाही बचावालाच बसवलं.

पुढच्या पाळीला तांबड्या आधी हलला, तो आहेच चपळ. पाण्यातल्या अजगराला विजेचा एकच झटका पुरला.

रविराज म्हणाला, 'आप्पा, तुम्ही फोडला का नाही?'

'आरं, कळपातलं हाय त्ये. फोडीन कसा?' आप्पांनी स्वयंपाकघराकडं तोंड केलं. 'च्या टाका गं.'

पहिल्यांदाच मला कळलं की इतक्या वर्षांत आप्पांनी कुणाला मारल्याचं मी ऐकलंच नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, 'मुंगीलाबी न्हाई.'

सोमवारी सकाळी आप्पांनी स्वतःच्या हातानं मला मुंडासं बांधलं, घट्ट, कान दुमडून. त्याखाली शाळेचा पांढरा शर्ट. एसटी डेपोपासून शाळेपर्यंत लोक वळून बघत होते आणि रागानं माझे डोळे बाहेर आले होते. फाटकात रविराज उभा होता, मागं अख्खी नववी. त्यानं मला वरून खाली बघितलं. वर तांबडं, खाली पांढरं. मग दोन्ही हात पसरून त्यानं सगळ्यांना मागं सारलं आणि हुबेहूब आप्पांच्या आवाजात ओरडला,

'लांब व्हा रं! हात लावू नगा! आता फुटंल!'

नक्कल चांगली होती. टाळ्याही माझ्यापेक्षा जास्त पडल्या.