बिनऔषधाचा स्कॅन
स्पिरिटचा वास आला की वैशाखऱ्याहून आलेली एक आजी आठवते. मुरबाडच्या सेंटरवर मी सीटी स्कॅन काढायचो. तिला मुतखड्याचा संशय होता आणि चिठ्ठीवर शिरेतून कॉन्ट्रास्टचं, म्हणजे स्कॅनमध्ये आतलं उठून दिसावं म्हणून टोचायचं, औषध द्यायला लिहिलं होतं. हाताला स्पिरिट लावताना ती सहज म्हणाली, “मागं हे औषध दिलं तवा अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला.” मी थांबलो आणि चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “खडा साध्या स्कॅनमध्येही दिसतो, औषध नको.” मी सुई बाजूला ठेवली तसा तिचा चेहरा उतरला. “आमी गरीब म्हनून औषध नाय का रे?” मी तिच्याजवळ बसलो. “आजी, खडा त्याच्याशिवायही दिसतो. एकदा असं बाधलेलं औषध मी माझ्या आईलाही दिलं नसतं.” ती मशीनवर निवांत आडवी झाली. खडा स्पष्ट दिसला. तेव्हापासून औषध देणार नसलो, तर का ते आधी सांगतो.