टेंभुर्णीचा चेक

आईला कमी ऐकू यायला लागलं आणि अण्णांचं फावलं. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त मास्तर, दिवसभर पुटपुटायची सवय. आमटी अळणी झाली, शेंगाची चटणी करपली, हिच्या माहेरचे सगळे असलेच, असं आईच्या शेजारी बसून खुशाल म्हणायचे. आई गोड हसायची आणि चहा टाकायला उठायची.

पण एकदा कुणाच्या तरी दहाव्याला ती अशीच भलत्या वेळी हसली. बायका बघतच राहिल्या. तेव्हापासून तिनं चार माणसांत जाणं सोडलं. मी आठवड्यासाठी माहेरी आले, तर ही एकटी खिडकीत बसलेली. माझी टाळकीच सटकली. कानाची तपासणी झालेली होती, फक्त यंत्र घ्यायचं होतं. अण्णा म्हणाले, केळीचा चेक वटला की घेऊ.

उजनीकाठचं आमचं रान वाट्यानं दिलंय. तिथल्या केळीचा चेक टेंभुर्णीच्या व्यापाऱ्यानं दिला होता. अण्णांच्या डोक्यात जुनाच कारभार. सोलापुरात भरलेला चेक टपालानं टेंभुर्णीला जाणार, तिथले साहेब रजेवर असणार, पंधरा दिवस आरामात निघणार. तोवर मी सासरी परत गेलेली असणार.

आमच्या घरी चेक भरण्याआधी त्याला हळदकुंकू लावतात. यंदा अण्णांचा हात फारच सढळ, तोही नेमका आकड्यावर. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. बँकेतल्या बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, काका, आता चेक कुठं जात नाही, मशीन त्याचा फोटो पाठवतं, आणि फोटोत हे सगळं दिसतं. त्यांनी रुमालानं अलगद पुसून चेक मशीनमध्ये घातला. मग उशीर लागेल ना, असं अण्णांनी आशेनं विचारलं. संध्याकाळपर्यंत होईल, असं ऐकल्यावर त्यांचा चेहरा पार उतरला.

चारच्या सुमाराला अण्णांचा मोबाईल वाजला. पैसे जमा. तो मेसेज मी अण्णांच्या नाकासमोर धरला आणि त्यांना चपला घालायला लावल्या.

यंत्र लागल्यावर आई शेजारणींत जाऊन बसायला लागली. अण्णांच्या तोंडाला मात्र कुलूप. जेवताना आमटीकडं बघायचे, आईच्या कानाकडं बघायचे आणि गुपचूप घास गिळायचे. मला आधी हसू यायचं, मग त्यांची दया यायला लागली.

तिसऱ्या दिवशी जेवताना आईनं यंत्र काढून पाटाशेजारी ठेवलं.

"बोला की आता," ती म्हणाली. "तुमचे ओठ हलले नाहीत तर मला घरात करमत नाही."

अण्णांनी यंत्र उचललं, सदऱ्याला पुसलं, स्वतःच्या हातानं तिच्या कानात बसवलं आणि वर्गात बोलायचे तसं खणखणीत म्हणाले, "आमटी अळणी झालीय."

"आलं ऐकू," आई म्हणाली आणि मिठाची बरणी त्यांच्यापुढं सरकवली.