रद्दीतून वाचलेली दोन पुस्तकं

आमच्या बालाघाटच्या वाचनालयातल्या बाईंचे हात कधी रिकामे नसतात. बोलता बोलता त्या मिळेल त्या कागदाच्या घड्या घालतात. पुस्तक परत करायची तारीख विचारली की तारखेबरोबर कागदाचा बेडूकही हातात येतो. त्यांची लाडकी पुस्तकं दोन: एक कागदाच्या घड्यांतल्या भूमितीचं, दुसरं रंगांच्या इतिहासाचं. "एका जमान्यात निळा रंग सोन्याहून महाग होता, मालूम हाय का तुमाले?" हे त्यांनी मला निदान दहा वेळा विचारलंय.

परवा तपासणीला साहेब आले. कोणी नेत नाही ती पुस्तकं रद्दीत काढा, म्हणाले. यादीत ही दोन्ही होती. मला वाटलं, बाई आता रडतील. त्यांनी त्या यादीचाच एक चौरस तुकडा फाडून साहेबांच्या हातात ठेवला.

"साहेब, पट्टी न लावता याचे तीन सारखे भाग करा. नाही जमलं तं पुस्तकं इथंच राहतीन."

साहेबांनी बऱ्याच घड्या घातल्या, चष्मा पुसला, हरले. बाईंनी खालचा कोपरा वरच्या कडेच्या मध्यावर नेला आणि दुमडलेली खालची कड बाजूच्या कडेला जिथे छेदत होती तिथे नखाने खूण केली. "हा बरोब्बर तिसरा हिस्सा."

साहेबांनी पट्टीने मोजलं. "अरे, सही है!" ते ओरडलेच. मग दुसरा कागद मागितला, मग तिसरा. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत राहिला, पुढच्या गावची, बैहरची मीटिंग बुडाली.

निघताना त्यांनी दोन्ही पुस्तकं स्वतःच्या नावावर नेली.

"आता कोन म्हनते, कोनी नेत नाही म्हनून?" बाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही पोट धरून हसत सुटलो.