ओलोराइनच्या जागी परदेशीपुरा

इंदूरच्या आम्हा मराठी मंडळींचा दरबार सुटून पिढ्या लोटल्या, पण मानपत्राची हौस सुटलेली नाही. कुणी निवृत्त झालं की त्याच्या नावाआधी विशेषणांची रांग लावायची, काचेच्या चौकटीत बसवायची आणि शालीबरोबर हातात द्यायची. माझ्या आईची पाळी आली तेव्हा मंडळाच्या सचिवांनी इंग्रजी प्रतही तयार केली, कारण आईनं परदेशीपुऱ्याच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं. मग त्यांनी एक चूक केली. मसुदा तपासायला तिच्याकडेच आणला.

छत्रीबागेतल्या आमच्या घरी आईनं चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि पहिल्याच ओळीत थांबली. "ओलोराइन? हे कुठून आणलंत?"

"मोबाइलमधून, बाई! हंसासारखी. एकदम रेअर शब्द. पूर्ण इंदूरमध्ये कोणाला मिळाला नसेल."

"लॅटिनमध्ये हंसाला ओलोर म्हणत. सिग्नसही म्हणत, पण तो ग्रीकांकडून उसना घेतलेला. शब्द बरोबर आहे." सचिव फुलले. "पण हंस डौलात पोहतो, मान वाकवतो आणि चिडला की चावतो. मी यातलं काय केलं?"

"शेवटचं," मी म्हणालो. तिनं चष्म्यावरून पाहिलं. मी चहा ठेवायला उठलो.

परत आलो तोवर तिनं शब्दावर काट मारून एक वाक्य लिहिलं होतं: परदेशीपुऱ्याच्या गिरणी कामगारांच्या मुलींना यांनी इंग्रजी शिकवलं.

सचिव चुळबुळले. "बाई, पाहुणे सरदार घराण्यातले आहेत. मानपत्रात परदेशीपुरा म्हणजे... थोडं अटपटं वाटतं."

"मग मानपत्र पाहुण्यांनाच द्या. मी येत नाही." आवाज जराही चढला नव्हता. "हंस काढा, परदेशीपुरा घाला. नाहीतर राहू द्या."

सचिवांनी हंस काढला.

समारंभात त्यांनी ते वाक्य शक्य तितक्या घाईनं उरकलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून पिकल्या केसांची एक बाई उठली. "भिया, ती परदेशीपुऱ्याची लाइन जरा फिरसे वाचा ना. त्या मुली आम्हीच!" तिच्या आजूबाजूच्या बायकाही उभ्या राहिल्या. पाहुणे शाल उलगडून ताटकळले. सचिवांनी पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश.

असल्या समारंभांना मी अल्पोपाहारासाठी जातो. त्या दिवशी शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "या बाई कोण?"

"माझी आई," मी म्हणालो. गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं.